‘मोडशी’चें वेषांतर

गोदावरीकांठीं असो कीं मांडवीकांठीं गोव्यास असो, रोगी आपलें दुखणें आपल्याच बोलींत सांगतो. तें ऐकून कागदावर उतरविणारा परभाषी असला म्हणजे अडचण सुरू होते. कानीं पडलेला शब्द तो आपल्या लिपींत कसाबसा बसवितो. पुढचा लेखक तो आपल्या समजुतीप्रमाणें सुधारतो. आणि दोनचार पिढ्यांनीं मूळ शब्द ज्यांचा, त्यांनाहि तो ओळखूं येईनासा होतो. ‘मोडशी’ या आपल्या शब्दावर हाच प्रसंग ओढवला, आणि त्याचे परिणाम कोशापुरते राहिले नाहींत.

१५४३ सालच्या पावसाळ्यांत गोव्यांत एक भयंकर सांथ उद्भवली. पोर्तुगीज बखरकार गास्पार कोर्रैया यानें तिची हकीकत लिहून ठेविली आहे. प्रेतयात्रांच्या घंटा एकसारख्या वाजूं लागून लोक इतके हबकले कीं, गव्हर्नर मार्तिं आफोंसो द सोझा यास त्या घंटाच बंद करवाव्या लागल्या. त्यानें एका प्रेताची चिरफाडहि करविली. परंतु पोटाची पिशवी आकसून सुरकुतली होती, यापलीकडे कांहीं आढळलें नाहीं. या रोगास येथील लोक जें नांव देत तें कोर्रैयानें ‘मोरिशी’ असें लिहिलें.

याच सोझाबरोबर १५३४ सालीं गोव्यास आलेला वैद्य गार्सिया द ओर्ता हा अधिक सावध कानाचा होता. त्याचा औषधिविषयक संवादग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. त्यांत संवाद चालू असतांनाच एक हुजऱ्या धांवत येतो आणि धन्याच्या भावाला दोन तासांपासून ‘मोर्शी’ झाली आहे, असें सांगतो. ओर्ता लगेच निघतो. पुढें त्यानें वर्णिलेलीं लक्षणें अशीं: नाडी हातास न लागणें, अंग गार व घामेजलेलें, आंतून मात्र आग आणि अनावर तहान, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे गोळे, आणि बहुधा चोवीस तासांत मृत्यु. नांवांविषयीं तो स्पष्ट सांगतो कीं, येथील लोक ‘मोर्शी’ म्हणतात आणि पोर्तुगीज मंडळींनीं त्याचा अपभ्रंश करून ‘मोर्देशी’ केलें आहे. लॅटिन जाणणाऱ्या पंडिताच्या लेखणींतून आलेली ही कबुली विरळाच म्हटली पाहिजे.

ड चा र झाला कसा, हें समजण्यास फार व्युत्पत्तिशास्त्र नको. ‘मोडशी’ हा शब्द मोडणें या धातूवरून आलेला. शरीर मोडून टाकणारें दुखणें तें मोडशी. दोन स्वरांमधला आपला ड पोर्तुगीज कानास नवा. कोणीं तो र ऐकला, तर कोणीं र आणि द अशीं दोन्ही अक्षरें घालून तो धरूं पाहिला. (वऱ्हाडांतील मोर्शी गांवाचा मात्र या भानगडीशीं संबंध नाहीं!) पुढें १५८३ पासून पांच वर्षें गोव्याच्या आर्चबिशपाचा चिटणीस असलेल्या लिन्स्खोतेन या डच गृहस्थानें शब्दाच्या शेवटीं नकार जोडला. फ्रेंचांनीं तर कमाल केली. त्यांनीं या ‘मोर्देशीन’चा ‘मोर-द-श्याँ’ केला, म्हणजे कुत्र्याचें मरण! आतां शब्दाला अर्थ आला, तोहि रोगाच्या भयानकतेला शोभेसा. मग तो मुळांत दुसरा असेल, ही शंका कोणास यावी? १७८२-८३ मध्यें मद्रासेकडील इंग्रजी आरमारांत असलेला शल्यवैद्य चार्ल्स कर्टिस यानेंहि हेंच फ्रेंच नांव वापरलें.

१८१७ सालीं बंगालमध्यें जेसोर येथें पटकी भडकली. त्याच वर्षीं बुंदेलखंडांत हेस्टिंग्जच्या छावणींत तिनें हाहाकार उडविला, आणि १८१८ मध्यें ती मुंबईस पोंचली. पटकीची सांथ हिंदुस्थानांत पूर्वी कधींच नव्हती, ती याच वेळीं नव्यानें उत्पन्न झाली, असा समज तेव्हांपासून रूढ झाला. पावणेतीनशें वर्षांपूर्वींचा गोव्याचा पुरावा कागदावर होता, पण तो कुत्र्याच्या नांवाखालीं दडला होता. युल व बर्नेल यांनीं १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत हा शब्द पुन्हां मराठी-कोंकणी ‘मोडशी’पर्यंत नेऊन पोंचविला, आणि या निराधार समजाचें एक कारण हें जुनें नांवच असावें, असेंहि नोंदविलें.

तरी शब्द सुटला म्हणजे रोग सुटला, असें नव्हे. मराठींत साध्या अजीर्णाच्या ओकाऱ्यांनाहि मोडशी म्हणतात, आणि १८१७ ची सांथ जशी देशोदेशीं पसरली तशी १५४३ ची पसरल्याचा दाखला नाहीं. रॉबर्ट कॉख यानें १८८४ सालीं कलकत्त्यास जो जंतु ओळखला, त्याचा शोध जुन्या कागदांत घेतां येत नाहीं. जुन्या पत्रांत ‘मोडशी’ आढळली तर ती पटकी कीं अपचन, हें शेजारच्या ओळींतील नाडी, घाम आणि पायांतले गोळे पाहूनच ठरवावें लागतें. आणि त्या ओळी ओर्तानें लिहिल्या तशा फारच थोड्यांनीं लिहून ठेविल्या आहेत.