रुग्णालयांतील हातांची स्वच्छता : अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर किती परिणामकारक?

उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला तेथेच नवा संसर्ग होणे, ही जगभरातील आरोग्यसेवेपुढील गंभीर समस्या आहे. हे जंतू पुष्कळदा डॉक्टर आणि परिचारिकांच्या हातांवाटे एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाकडे पोहोचतात. त्यांना अटकाव करण्यासाठी अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर प्रभावी मानले जाते. मात्र त्याला निश्चित मर्यादाही आहेत.

कार्य कसे चालते?

अल्कोहोल जंतूंमधील प्रथिनांची रचना मोडते. या क्रियेसाठी पाण्याचीही आवश्यकता असते. त्यामुळे शुद्ध अल्कोहोलपेक्षा ६० ते ८० टक्के अल्कोहोल असलेले द्रावण अधिक परिणामकारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेल्या एका द्रावणात ८० टक्के इथेनॉल असून त्वचा कोरडी पडू नये म्हणून त्यात ग्लिसरीन मिसळले जाते. बहुतेक जिवाणू तसेच कोरोना आणि इन्फ्लुएंझा यांसारखे स्निग्ध आवरण असलेले विषाणू त्यामुळे निष्प्रभ होतात.

जिनिव्हाचा अनुभव

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याविषयी मोहीम राबविली. रुग्णांच्या खाटांजवळ द्रावणाच्या बाटल्या ठेवण्यात आल्या, भित्तिपत्रके लावण्यात आली आणि कर्मचाऱ्यांचे निरीक्षण करण्यात आले. हातांच्या स्वच्छतेचे नियम पाळण्याचे प्रमाण १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयात संसर्ग झालेल्या रुग्णांचे प्रमाण १९९४ मध्ये १६.९ टक्के होते. १९९८ मध्ये ते ९.९ टक्क्यांवर आले. या काळात साबणाने हात धुण्याच्या प्रमाणात फारसा बदल झाला नव्हता. वाढ झाली ती द्रावणाच्या वापरात. परिचारिकांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली, डॉक्टरांमध्ये मात्र ती दिसली नाही. अर्थात, मोहिमेत अनेक उपाय एकत्रितपणे योजल्याने संसर्गातील घटीचे संपूर्ण श्रेय केवळ द्रावणाला देता येत नाही.

साबण केव्हा आवश्यक?

हातांवर रक्त, मळ अथवा अन्य घाण दिसत असल्यास साबण आणि पाण्यानेच हात धुणे आवश्यक आहे. तीव्र अतिसारास कारणीभूत होणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही. वांती आणि जुलाब घडविणाऱ्या नोरोव्हायरसवरही त्याचा प्रभाव तुलनेने कमी असतो.

वापराची योग्य पद्धत

बोटांची टोके, अंगठे आणि बोटांमधील जागा यांसह दोन्ही हात पूर्णपणे भिजतील इतके द्रावण घेऊन ते २० ते ३० सेकंद, कोरडे होईपर्यंत चोळावे लागते. साबणाने हात धुण्याच्या संपूर्ण प्रक्रियेस ४० ते ६० सेकंद लागतात. व्यग्र अतिदक्षता विभागात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत हातांच्या स्वच्छतेसाठी पाच प्रसंग निश्चित केले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरद्रवांशी संपर्काची शक्यता असलेल्या कामानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. हातमोजे वापरले तरी या नियमांतून सूट मिळत नाही. द्रावण कितीही प्रभावी असले, तरी यांपैकी एक प्रसंग चुकला की रुग्णाचे संरक्षण अपुरे राहते.