दळणावळ वीस शिलिंग

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात वडिलांची पिठाची गिरणी होती. सकाळी किर्लोस्करचं डिझेल इंजिन सुरू झालं की पुक् पुक् आवाज ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत जायचा आणि डोक्यावर दळणाचे डबे घेऊन बायका निघायच्या. गिरणी म्हटलं की मला आधी तो आवाज आठवतो, मग गरम पिठाचा वास. म्हणून रेडिंगला राहणारी मुलगी एका रविवारी थेम्सकाठी उभी राहून म्हणाली, "बाबा, ही बघा गिरणी," तेव्हा मी गोंधळलो. समोर पांढऱ्या आडव्या फळ्यांची उंच देखणी इमारत होती, खिडक्यांना पडदे होते, एका खिडकीत कुणाचं तरी सायकलचं हेल्मेट अडकवलेलं होतं. ना आवाज, ना वास.

हे ठिकाण हॅम्बल्डन. बकिंगहॅमशायर परगणा, हेन्ली आणि मार्लो यांच्यामध्ये. गाव आत आहे; नदीकाठच्या वस्तीचं नावच मिल एंड. बंधाऱ्यावरून लांबलचक पायपूल जातो. त्यावर उभं राहिलं की गिरणी पुरती दिसते आणि पायाखालून पाणी धडधडत जातं. धान्याशी या काठाचं नातं गिरणीहूनही जुनं आहे. जवळच 1912 साली रोमन काळातल्या एका वाड्याचं उत्खनन झालं, त्यात धान्य वाळवायच्या भट्ट्या सापडल्या.

गिरणीचा पहिला कागद मात्र 1086चा. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर वीस वर्षांनी गावोगाव कारकून पाठवून सगळ्या मुलखाची मोजदाद करवली. तिला डूम्सडे बुक म्हणतात. त्यात सुमारे सहा हजार गिरण्या आहेत. हॅम्बल्डनची नोंद ओळभराची: गिरणी एक, उत्पन्न वर्षाला वीस शिलिंग. म्हणजे एक पौंड, चांदीच्या 240 पेनी. दगड कसे होते, चाक केवढं होतं, पीठ किती निघायचं, एक अक्षर नाही. राजाला पिठाशी कर्तव्य नव्हतं, वसुलीशी होतं. गिरणी जमीनदाराची, आणि कितीतरी गावांत कुळांनी दळण त्याच्याच गिरणीत घालायचं अशी सक्ती. घरात जातं सापडलं तर दंड. दळणावळ पैशात नसे. पोत्यातला ठरलेला वाटा, पुष्कळ ठिकाणी सोळावा हिस्सा, गिरणीवाला काढून घेई. त्याचं माप मोठं असतं असा संशय जगभर आहे. आमच्याकडेही लोक म्हणत, गिरणीवाल्याच्या घरी पीठ कधी विकत आणत नाहीत. वडील चिडायचे. दोन दगडांत थोडं पीठ अडकून राहतंच, आधीच्याचं पुढच्याला मिळतं, असा त्यांचा खुलासा होता. तो खरा होता. आमच्या घरी पीठ विकत येत नसे, हेही खरं होतं.

इथल्या गिरणीवाल्याचं भांडण मात्र बायकांशी नव्हतं, नावाड्यांशी होतं. चाक फिरवायचं तर पाणी अडवून उंचावर धरायला हवं, त्यासाठी बंधारा. पण थेम्स हा लंडनचा हमरस्ता. धान्य, लाकूड, दगड सगळं नावेतून जायचं. नाव पलीकडे जायची तर बंधाऱ्याचा एक भाग उघडायचा, तुंबलेलं पाणी लोंढ्यासारखं सुटायचं. खाली जाणारी नाव त्यावर स्वार होई, वर येणारीला दोर बांधून रहाटाने ओढावं लागे. सुटलेलं पाणी म्हणजे बुडालेलं दळण, तेव्हा गिरणीवाला त्याचे पैसे मागणार आणि आपल्या सवडीने पाणी सोडणार. नावाडी कधीकधी दिवसचे दिवस ताटकळत बसत. 1773 साली इथे दोन दारांच्या मधे पाणी चढवण्या-उतरवण्याचं लॉक बांधलं, तेव्हा ही कटकट मिटली. आज त्याच बंधाऱ्याच्या लोंढ्यात पोरं कयाकच्या कोलांट्या मारतात. पाणी फुकट.

दगडांबद्दल मला सांगायलाच हवं, कारण वडिलांचा अर्धा जीव दगडांत होता. इंग्लंडच्या गिरण्यांत गव्हाच्या बारीक पिठासाठी पॅरिसजवळच्या खाणीतला दगड नावाजलेला. तो अखंड मिळत नसे. तुकडे जोडून, भोवती लोखंडी धाव चढवून चाकी करायची. पृष्ठावर खाचा, त्या बोथट झाल्या की वरचा दगड उचलून पोलादी हत्याराने पुन्हा उकरायच्या. म्हणजे आपण जात्याला टाकी लावतो तेच. या कारागिरांच्या हातांत पोलादाचे कण रुतून बसत. नवा माणूस कामाला आला की आधी त्याचे हात बघत. माझ्या वडिलांच्या उजव्या मनगटावरही असे काळे ठिपके होते. लहानपणी मला ते गोंदण वाटे.

हॅम्बल्डनचं पीठ पुढे नावेनेच रेडिंगला जाई, हंटली अँड पामर्सच्या बिस्किटांच्या कारखान्यात. त्या नावेचं नाव 'मेड ऑफ द मिल'. या कंपनीचे पत्र्याचे डबे साम्राज्यभर फिरले, हिंदुस्थानातही आले. आपल्याकडे बिस्किट म्हणजे साधी गोष्ट नव्हती. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पुढे आलेल्या चहा-बिस्किटांवरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य आलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. इकडे नदीकाठी पीठ भरणाऱ्या हमालाला या भानगडीचा काय पत्ता!

त्याच सुमारास दगडांचे दिवस भरत आले होते. 1880च्या दशकात पोलादी रुळांच्या मोठ्या गिरण्या बंदरांत उभ्या राहिल्या. अमेरिकेचा गहू यायचा आणि सुएझ कालव्यामुळे आपलाही. शहराला पांढरंशुभ्र पीठ हवं होतं, ते रूळ देत. गावोगावच्या पाणगिरण्या गुरांचं खाद्य भरडू लागल्या, मग बंद पडल्या. हॅम्बल्डनची तग धरून राहिली ती थेट 1955पर्यंत. 1970च्या दशकात तिचे फ्लॅट झाले. इमारत संरक्षित यादीत आहे, त्यामुळे बाहेरून मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. लोकांनी गिरणीचं तोंड तेवढं जपलं, पोट काढून टाकलं. मला आधी राग आला. मग वाटलं, पडून पाण्यात जाण्यापेक्षा बरं. आणि नऊशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने तरी तिच्यात उत्पन्नाखेरीज काय पाहिलं होतं?

पुलाच्या कठड्यावर हात ठेवला. तो बारीक थरथरत होता, आमच्या गिरणीची फरशी थरथरायची तसा.

"आपल्या गिरणीचं काय केलं काकांनी?" मुलीने विचारलं.

घराघरात घरघंटी आल्यावर दळण येईनासं झालं. धाकट्या भावाने इंजिन भंगारात दिलं, मधे भिंत घालून दोन खोल्या काढल्या, भाड्याने दिल्या. इंजिनाचा चौथरा काही फुटेना, तो तसाच राहिला, चार बोल्ट वर आलेले. भाडेकरणीने त्यावर पाण्याचं पिंप ठेवलंय.

"भाडं किती येतं?"

सांगितलं. ती हसली.