पंचवीस मिनिटांची भेट, पाच वर्षांची उमेदवारी

गेला महिनाभर मी रोज रात्री फोनवर एका वृद्ध विधवेची भूमिका करीत आहे. माझी एक मैत्रीण मुंबईत वकिली करते आणि सध्या इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर होण्याच्या परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्याची तयारी करीत आहे. या टप्प्याला ‘एसक्यूई २’ म्हणतात. त्यात पाठांतराला फारसा वाव नाही, काम करून दाखवावे लागते. कागद वाचायला दहा मिनिटे, अशिलाशी भेट पंचवीस मिनिटे आणि त्या भेटीचे टिपण लिहायला पुन्हा पंचवीस मिनिटे. माझा ‘नवरा’ मृत्युपत्र न करता वारला आहे. त्याला पहिल्या लग्नाचा एक मुलगा आहे, आणि ती गोष्ट विचारल्याशिवाय मी सांगायची नाही, असे आमचे ठरलेले आहे.

पहिल्या रात्री तिने दुसऱ्याच मिनिटाला वारसा कायद्याचे नियम सांगायला सुरुवात केली. मी म्हटले, “बाई, त्यांना जाऊन पंधरवडा झाला नाही.” ती गप्प झाली. खऱ्या परीक्षेत अशील बनून समोर बसलेली व्यक्तीच त्या भेटीचे गुण देते, आणि ते गुण कायद्याच्या ज्ञानाचे नसतात. कायदा नंतरच्या टिपणात तपासला जातो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक प्रश्न पडतो. हे कौशल्य पूर्वी कोण तपासत होते? आजचा धागा त्यासाठीच आहे.

इंग्लंडमध्ये अयोग्य ॲटर्नींचा सुळसुळाट झाल्याची ओरड जुनी होती. १७२९ साली पार्लमेंटने कायदा करून ठरवले की, ज्याला या व्यवसायात यायचे असेल त्याने आधीच्या ॲटर्नीकडे किंवा सॉलिसिटरकडे लेखी कराराने पाच वर्षे उमेदवारी करावी, न्यायाधीशाने त्याची योग्यता पारखावी आणि मगच त्याचे नाव पटावर चढावे. आपल्याकडे सीएची मुले ज्याला ‘आर्टिकलशिप’ म्हणतात, तीच ही संस्था. पारखण्याचा भाग मात्र पुढे निव्वळ उपचार होऊन बसला. खरी परीक्षा, असलीच तर, मालकाच्या कार्यालयात होत असे.

तेथे काय शिकायला मिळे, हे सर्वस्वी त्या मालकावर अवलंबून होते. चांगला मालक लाभला तर उमेदवार अशिलासमोर बसे, दस्तऐवजांचा मसुदा करी, न्यायालयात हेलपाटे घाली. नाही तर पाच वर्षे खरेदीखतांच्या नकला करण्यात जात. शिवाय मालकाला आगाऊ रक्कम मोजावी लागे, आणि १७९४ पासून करारावर मुद्रांक शुल्कही बसले. बेंजामिन डिझरायली १८२१ मध्ये लंडनच्या एका कार्यालयात असा उमेदवार झाला तेव्हा त्याच्या वडिलांनी ४०० गिनी भरल्या होत्या. कायद्याने त्याला धरून ठेवले नाही. तो कादंबरीकार झाला आणि पुढे पंतप्रधान! पण ज्याच्या वडिलांजवळ गिनी नव्हत्या, त्याला हा असा कंटाळा करण्याचीही सोय नव्हती.

व्यवसायाची पत वाढवण्यासाठी १८२५ मध्ये जी संस्था उभी राहिली, तीच पुढे ‘लॉ सोसायटी’ या नावाने ओळखली गेली. १८३६ पासून चॅन्सरी लेनवरील तिच्या वास्तूत खऱ्याखुऱ्या परीक्षा होऊ लागल्या. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मधला गपी पटावर नाव चढल्यावर त्या परीक्षेचा त्रास किती फुशारकीने सांगतो, ते वाचण्यासारखे आहे. १८७७ च्या कायद्याने परीक्षांचा ताबा पुरता सोसायटीकडे आला. मालकाच्या मर्जीवर हा उतारा होता. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच, आणि उमेदवार कोणाचा कोण हे ती विचारीत नाही.

निदान असे वाटले होते. १९१२ च्या अखेरीस चार तरुणींनी प्राथमिक परीक्षेला बसण्याचा अर्ज केला. त्यांतली ग्विनेथ बेब ऑक्सफर्डच्या विधी परीक्षेत पहिल्या वर्गाचे गुण मिळवलेली होती. पदवी मात्र तिच्याजवळ नव्हती, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देतच नसे. लॉ सोसायटीने अर्ज नाकारले. बेब न्यायालयात गेली. तिच्या बाजूने १८४३ च्या सॉलिसिटर कायद्यातले एक साधे कलम होते. पुल्लिंगी शब्दांत, संदर्भ विरोधी नसेल तर, स्त्रियाही धराव्यात, असे ते सांगत होते. १९१३ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने उत्तर दिले की, स्त्री ॲटर्नी झाल्याचे कधी कोणी पाहिलेले नाही. आधार होता सतराव्या शतकातल्या एडवर्ड कोकच्या ग्रंथाचा. ती परीक्षा नापास झाली नव्हती, हे लक्षात घ्या. तिला बसूच दिले नव्हते.

२३ डिसेंबर १९१९ च्या कायद्याने हा अडसर गेला. चौघींपैकी मॉड इनग्राम (लग्नानंतर क्रॉफ्ट्स) १९२२ मध्ये अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी कॅरी मॉरिसनचे नाव पटावर पहिले चढले. बेब त्यात नव्हती. ती बॅरिस्टरकीकडे वळली होती आणि १९२१ मध्ये बाळंतपणानंतरच्या आजारात तिचा मृत्यू झाला. आपल्या नाशिकची कॉर्नेलिया सोराबजी हिने ऑक्सफर्डची बीसीएल परीक्षा १८९२ मध्ये दिली आणि पदवी तिच्या हाती पडली १९२२ मध्ये. तीस वर्षे!

मुंबईत ही इंग्रजी परंपरा उच्च न्यायालयाच्या ‘ओरिजिनल साइड’मुळे रुजली. ॲडव्होकेट आणि ॲटर्नी हा कायदेशीर भेद १९७६ च्या दुरुस्तीने संपला, तरी ‘बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी’ आजही आर्टिकलशिप केलेल्यांची सॉलिसिटर परीक्षा घेते.

इंग्लंडने २०२१ मध्ये नवी पद्धत आणली. आता दोन वर्षांचा कामाचा अनुभव चार ठिकाणी विभागून घेता येतो, आणि ‘एसक्यूई २’ मध्ये सोळा कसोट्या असतात: बारा लेखी, चार तोंडी. कल्पना वैद्यकशास्त्रातून आलेली आहे. १९७५ मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी अशी परीक्षा मांडली की, प्रत्येक विद्यार्थ्याने एकामागून एक त्याच ‘स्थानकां’वरून जावे, म्हणजे कोणाला सोपा रुग्ण आणि कोणाला खडूस परीक्षक, असे होणार नाही. मालक कसा लाभतो या जुन्या दुखण्यावर हे औषध मला योग्य वाटते. पाच वर्षांत मुरणारी गोष्ट पंचवीस मिनिटांत दिसते का, याविषयी मी साशंक आहे.

आणि गिनींचे काय? या टप्प्याचे शुल्कच दोन हजार पौंडांच्या वर आहे. लेखी भाग जगभरातल्या केंद्रांत देता येतो, तोंडी भागासाठी मात्र इंग्लंड-वेल्समध्येच जावे लागते. म्हणजे व्हिसा, विमान, मुक्काम. मैत्रिणीने त्यासाठी कर्ज काढले आहे.

काल रात्री तिने कायद्याचे नाव घेतले नाही. “घरी आता तुमच्या सोबतीला कोण असतं?” एवढेच विचारले आणि थांबली. सोळाव्या मिनिटाला मी सावत्र मुलाचे नाव सांगितले. मग टिपण लिहिताना, राहते घर नवराबायकोच्या संयुक्त नावावर होते की एकट्या नवऱ्याच्या, हे विचारायचे राहिल्याचे तिच्या लक्षात आले. आज पुन्हा साडेदहाला.