प्लेअर्स बॉल

‘प्लेअर्स बॉल’ हे अमेरिकेतील अटलांटा शहराच्या आउटकास्ट या रॅप जोडीचे, म्हणजे आंद्रे बेंजामिन आणि अँटवान पॅटन (बिग बॉय) यांचे, पहिले सिंगल (अल्बमपासून स्वतंत्रपणे विक्रीस काढलेले गाणे) असून ते लाफेस रेकॉर्ड्सने १९९३ च्या अखेरीस प्रसिद्ध केले. कंपनीच्या नाताळनिमित्तच्या संग्रहासाठी ते मागवलेले असले, तरी त्यात सणाचे कौतुक जवळजवळ नाही. गरीब कृष्णवर्णीय वस्तीत नाताळही इतर दिवसांसारखाच जातो, हाच त्याचा विषय आहे. ऑर्गनाइज्ड नॉइझ या निर्मातात्रयीने त्याला सोल व फंक या जुन्या कृष्णवर्णीय संगीतप्रकारांची संथ, सुरेल बैठक दिली आणि स्लीपी ब्राउनच्या गायनाने ध्रुवपद उजळले. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या रॅप गीतांच्या यादीत ते सहा आठवडे अग्रस्थानी राहिले. न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस या दोन केंद्रांभोवती फिरणाऱ्या हिप हॉप या रॅपप्रधान संगीतप्रकारात दक्षिणी उच्चार व राहणी यांना यापूर्वीही स्थान मिळाले होते, मात्र अटलांटाचा स्वतंत्र बाज देशभर पोहोचवण्याचे श्रेय प्रामुख्याने याच गीताला द्यावे लागते. तरीही सोर्स या हिप हॉप नियतकालिकाच्या १९९५ च्या पुरस्कार समारंभात सर्वोत्तम नवोदित गट ठरलेल्या या जोडीची न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.