नेवाशाची पोथी, नगरचे नामांतर आणि संकेतस्थळाचा दप्तरखाना

ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे ‘अहिल्यानगर’ हे नाव अधिकृत झाले. त्यानंतर इतिहासाच्या अभ्यासक मित्रांनी एक प्रश्न मला वारंवार विचारला : एखाद्या संकेतस्थळाच्या शेकडो पानांवर जुने नाव असेल, तर ते बदलणार कसे? कुणीतरी बसून प्रत्येक पान उघडायचे, खोडायचे आणि नव्याने लिहायचे काय? या प्रश्नाचे उत्तर ज्याला ‘कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टीम’, थोडक्यात सीएमएस म्हणतात, त्या व्यवस्थेत आहे. संगणकशास्त्राच्या वाटेने न जाता आपण आपल्या वाटेने, म्हणजे पोथ्या आणि दप्तरांच्या वाटेने, तिथवर जाऊ. धागा थोडा लांब आहे.

आरंभ याच जिल्ह्यातील नेवाशापासून करू. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानदेव सांगत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. पुढे त्या पोथीच्या नकला झाल्या आणि नकलांच्याही नकला झाल्या. नकलकाराची एखादी चूक त्याच्या प्रतीवरून उतरवलेल्या प्रत्येक प्रतीत गेली. एका गावी कुणी ती सुधारली तरी दुसऱ्या गावच्या पोथीला त्याचा पत्ता नसे.

सुमारे तीन शतकांनंतर, शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४), पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. यापुढे कुणी आपल्या पदरच्या ओव्या यात मिसळू नयेत, अशी ताकीदही दिली. एक प्रमाण प्रत, आणि तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार कुणाला याचा नियम : या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

आता एकदम विसाव्या शतकाच्या अखेरीस येऊ. टिम बर्नर्स-ली यांचे पहिले संकेतस्थळ १९९१ साली युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत सुरू झाले. प्रारंभीची बहुतेक संकेतस्थळे पोथीच्याच धर्तीची होती. प्रत्येक पान ही स्वतंत्र फाइल असे. मजकूर, शीर्षक, रंग, समास, खालचा पत्ता, सारे त्याच फाइलमध्ये हाताने लिहिलेले. पन्नास पानांवर पत्ता असेल तर तो पन्नास ठिकाणी बदलावा लागे, आणि एखादे पान हटकून राहून जाई.

मराठीत तर पंचाईत दुहेरी होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असली तरी सामान्य संगणकांवर ती रुळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. तोवर निरनिराळ्या वृत्तपत्रांचे फॉन्ट निरनिराळे. तो विशिष्ट फॉन्ट आपल्या संगणकावर नसला की बातमीच्या जागी रोमन अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसे. अक्षर आणि अक्षराचे रूप इतके एकजीव झाले होते की रूप काढून घेतले की मजकूरच नाहीसा होई. त्या काळातील मराठी मजकुराचा शोध घेणे आजही किती कष्टाचे आहे, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक.

सीएमएसने जे केले ते मुळात एवढेच : मजकूर आणि त्याचे रूप यांची फारकत केली. मजकूर एका कोठारात नोंदींच्या स्वरूपात राहतो. त्याला डेटाबेस म्हणतात. पान कसे दिसावे याचा साचा वेगळा असतो. वाचकाने पान मागितले की प्रणाली नोंद उचलते, साच्यात बसवते आणि समोर ठेवते. बहुतेक वेळा ते पान तयार अवस्थेत कुठेही ठेवलेले नसते.

रोजकीर्द आणि खतावणीचे उदाहरण घ्या. रोजकीर्दीत व्यवहार तारीखवार लिहिला जाई आणि तोच पुन्हा खतावणीत खातेवार उतरवला जाई. एकच रक्कम दोन वह्यांत, आणि दोन्हींचा मेळ घालण्यात कारकुनाची रात्र. सीएमएसमध्ये नोंद एकदाच होते. तीच नोंद तारखेने मागा, विषयाने मागा, तालुक्याने मागा. वही एकच, मांडणी मागाल तशी.

द्रुपल २००१ साली आले, वर्डप्रेस २००३ साली. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे एकट्या वर्डप्रेसवर चालतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तोही याच तत्त्वावर. देशातील जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे एकाच घडणीची का दिसतात, याचेही उत्तर हेच : राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने साचा सामाईक ठेवला आहे, मजकूर ज्या त्या जिल्ह्याचा.

तर मग नामांतर. शीर्षकपट्टीतील नाव साच्यात किंवा एका सेटिंगमध्ये असते. ते एकदा बदलले की हजार पाने बदलतात. हा भाग पाच मिनिटांचा.

परंतु परिच्छेदांच्या ओघात लिहिलेले नाव ज्या त्या नोंदीत असते. छायाचित्रातील पाटीवर आणि स्कॅन केलेल्या कागदांत असलेल्या नावाला तर प्रणाली स्पर्शही करू शकत नाही. तिच्या दृष्टीने ते केवळ चित्र. मग सोपी वाट दिसते ती ‘शोधा आणि बदला’ची : संपूर्ण कोठारात ‘अहमदनगर’ शोधायचे आणि सरसकट ‘अहिल्यानगर’ करायचे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे हात आडवा घातला पाहिजे.

कारण सांगतो. मलिक अहमदने १४९० साली भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ साली शहराचा पाया घातला. समजा, संकेतस्थळावर वाक्य आहे : ‘अहमद निजामशहाने आपल्या नावावरून शहरास अहमदनगर हे नाव दिले.’ सरसकट बदलानंतर ते होईल : ‘अहमद निजामशहाने आपल्या नावावरून शहरास अहिल्यानगर हे नाव दिले.’ चौंडीत अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा! १८८४ च्या गॅझेटिअरचे शीर्षकही असेच बदलून जाईल, आणि त्या नावाचा ग्रंथ शोधणाऱ्याला तो कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. नामांतराविषयी मत काहीही असो, अशा वाक्याने अहिल्याबाईंचाही सन्मान होत नाही. (बोलताना आम्ही सारे ‘नगर’च म्हणतो, त्या शब्दाला दोन्ही नावे चालतात.)

वास्तविक जाणता कारभारी नाव आणि ओळख वेगळी ठेवतो. वाहनांवरील एमएच-१६ पाहा : जिल्ह्याचे नाव बदलले, क्रमांक तोच राहिला. चांगल्या सीएमएसमध्ये प्रत्येक नोंदीला असा एक क्रमांक असतो आणि नाव हा त्या क्रमांकाला जोडलेला तपशील असतो. मग ‘आजचे नाव’ आणि ‘त्या काळचे नाव’ असे दोन रकाने ठेवता येतात. पण ते आधी ठरवावे लागते, आणि ठरवणारा माणूस बहुधा तंत्रज्ञ असतो. इतिहासकाराला त्या बैठकीस कुणी बोलावत नाही.

राहिला प्रश्न आवृत्त्यांचा. एकनाथांनी शुद्ध केलेला पाठ रूढ झाला आणि आधीच्या प्रती मागे पडल्या. १९०९ साली राजवाड्यांनी एक पोथी एकनाथपूर्व मानून छापली, तेव्हा मूळ पाठ कोणता यावर जो वाद उभा राहिला, त्याचे मूळ इथे आहे. विकिपीडियावर ‘इतिहास’ या शब्दावर टिचकी मारा : कोणत्या खात्याने, कोणत्या क्षणी, कोणते अक्षर बदलले हे सारे तिथे दिसते, आधीचा पाठही जसाच्या तसा. बहुतेक प्रणालींत ही सोय असते; जागा वाचवण्यासाठी ती मर्यादित वा बंदही करता येते.

त्यामुळे आपल्या संस्थेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात. जुन्या आवृत्त्या किती काळ जपल्या जातात? आणि संकेतस्थळाचा पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावर येणारा वाचक आपोआप नव्या पत्त्यावर पोहोचतो काय? आपल्या प्रबंधांच्या तळटीपांत जुनेच पत्ते छापलेले आहेत.