चार मीटरची मर्यादा आणि शर्यतीची मोटार : फोक्सवॅगन अमिओचा एक ऐतिहासिक अभ्यास

मोटार शर्यतींचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांनी लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तो वाहनाच्या घडणीच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी निवडलेली मोटार जर्मन कंपनीची, परंतु पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार झालेली फोक्सवॅगन अमिओ ही होय. धाराशिव-लातूर भागातून अनेक तरुण रोजगारासाठी चाकणला जातात; तेथे तयार होणाऱ्या वस्तूंचा इतिहास मात्र आपल्या अभ्यासविषयांत क्वचितच येतो.

रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मोटारीवरून शर्यतीसाठी सिद्ध केलेली मोटार म्हणजे टूरिंग कार. १९८० च्या दशकातील ‘ग्रुप ए’ नियमांनुसार अशा मोटारीच्या मूळ नमुन्याच्या ५००० आणि सुधारित आवृत्तीच्या ५०० गाड्या तयार होणे आवश्यक होते. मर्सिडीज-बेंझने १९९० मध्ये ‘१९० ई २.५-१६ इव्होल्यूशन २’ या आवृत्तीच्या ५०२ गाड्या बांधल्या, त्या या अटीपोटीच. तिच्या डिकीवरील उंच पंखाची मागणी बाजाराने केलेली नव्हती. १९९२ मध्ये क्लाउस लुडविग याने याच मोटारीवर जर्मन टूरिंग कार अजिंक्यपद मिळविले. तात्पर्य, जर्मनीत शर्यतीची नियमावली विक्रीच्या मोटारीला आकार देत होती. भारतात हा क्रम उलटा झालेला दिसतो.

फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षअखेरीस तेथे पोलोचे उत्पादन होऊ लागले. लगेच २०१० मध्ये कंपनीने भारतात ‘पोलो चषक’ सुरू केला. सर्व स्पर्धकांना एकसारख्या मोटारी द्यावयाच्या आणि कस चालकाचा लावावयाचा, ही पद्धत कंपनीने जर्मनीत १९७६ च्या सिरोको चषकापासून रूढ केली होती. भारतातील पहिल्या पोलोला १.६ लिटरचे, १३० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. पुढे १८० अश्वशक्तीचे १.४ लिटर पेट्रोल इंजिन आले. २०१५ मध्ये पोलोची जागा व्हेंटो या सेडानने घेतली आणि २०१७ मध्ये अमिओने.

अमिओचे वेगळेपण समजण्यासाठी शर्यतीचे मैदान सोडून अर्थसंकल्पाकडे वळावे लागते. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. ‘लहान’ची व्याख्या अशी : लांबी कमाल ४००० मिलिमीटर, पेट्रोल इंजिन कमाल १२०० घनसेंटिमीटर, डिझेल असल्यास १५००. परिणामी आखूड डिकीच्या सेडान मोटारींचा एक खास भारतीय वर्गच निर्माण झाला. व्हेंटोची लांबी सुमारे ४.४ मीटर असल्याने ती या सवलतीबाहेर राहिली. म्हणून २०१६ मध्ये कंपनीने केवळ भारतासाठी अमिओ आणली. तिची लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे मर्यादेच्या आत अवघे पाच मिलिमीटर! पोलोच्याच पायावर डिकी जोडून ती बसविण्यासाठी अभियंत्यांना बंपरचीही काटछाट करावी लागली. गाडी पाहणाऱ्यास मागचा भाग तुटक वाटतो, तो यामुळे.

हीच मोटार पुण्यातील फोक्सवॅगन मोटरस्पोर्ट इंडियाने शर्यतीसाठी सिद्ध केली. तिच्यात १.८ लिटरचे, २०५ अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन बसविले. सोबत सहा गतींचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स आणि सुकाणूमागील पॅडलने गिअर बदलण्याची सोय होती. विक्रीच्या पेट्रोल अमिओचे इंजिन होते १.२ लिटरचे आणि ७५ अश्वशक्तीचे. येथील विसंगती लक्षणीय आहे. शर्यतीच्या अमिओचा सांगाडा करसवलतीसाठी आखूड झालेला, तर इंजिन त्याच सवलतीच्या व्याख्येत न बसणारे. शर्यतीच्या दृष्टीने तीत अमुक लांबी हवी, असे कोणी ठरविले नव्हते. दिल्लीतील शुल्काच्या तक्त्याने ती ठरविली होती.

अमिओच्या शर्यतीतील कामगिरीचे मूल्यमापन करताना सावधगिरी हवी. मर्सिडीजने बीएमडब्ल्यूसारख्या प्रतिस्पर्ध्यांना हरविले होते. अमिओ चषकात अमिओच अमिओशी स्पर्धा करीत होती. त्यामुळे तेथील विजय चालकाचे गुण सांगतो, मोटारीची श्रेष्ठता नव्हे. तरीही एक गोष्ट दुर्लक्षिता येत नाही. आरंभी भारतीय उपक्रमामागे हॅनोव्हर येथील जर्मन विभागाचा अनुभव उभा होता. अमिओपर्यंत येताना शर्यतीच्या मोटारीची आखणी व बांधणी पुण्यातील चमू करू लागला होता. माझ्या मते या मोटारीची खरी मिळकत चषकांपेक्षा हे कौशल्य होय.

ही मोटार धावली मात्र महाराष्ट्राबाहेर. जुहूच्या धावपट्टीवर एकेकाळी मोटार शर्यती होत. परंतु अमिओच्या काळात राज्यात या दर्जाच्या स्पर्धेसाठी कायमस्वरूपी शर्यतमार्ग नव्हता. चाकणच्या गाड्यांना कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टाई किंवा ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध मार्ग गाठावा लागे.

एप्रिल २०२० मध्ये ‘भारत टप्पा ६’ हे उत्सर्जन मानक लागू झाले आणि अमिओचे उत्पादन थांबले. त्याच वर्षाच्या अखेरीस मूळ कंपनीने हॅनोव्हर येथील शर्यत विभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पोलो आणि व्हेंटो २०२२ मध्ये भारतीय बाजारातून गेल्या. चार मीटरची अट मात्र कायम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर आले, तेव्हाही १८ टक्के आणि ४० टक्के या दोन दरांमधील सीमारेषा ठरविताना इंजिनाच्या आकाराबरोबर तीच ४००० मिलिमीटरची लांबी वापरली गेली.