सुएझ पेचप्रसंग

सुएझ पेचप्रसंग : (१९५६). बलाढ्य राष्ट्र शांतता राखते की मोडते, या वादात दोन्ही पक्षांना हाताशी येणारे उदाहरण. ईजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी २६ जुलै १९५६ रोजी सुएझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटन, फ्रान्स व इझ्राएल यांनी सेव्हर येथे गुप्त करार केला. त्यानुसार २९ ऑक्टोबरला इझ्राएलने सिनाईवर चढाई केली आणि लढणाऱ्यांना वेगळे करण्याचा बहाणा करून ब्रिटन-फ्रान्स युद्धात उतरले. सुरक्षा परिषदेत अमेरिकेने मांडलेला ठराव या दोघांनी नकाराधिकार वापरून हाणून पाडला. प्रश्न आमसभेकडे गेला.

निर्णायक ठरला तो पैसा. पौंडाची घसरण चालू असताना अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहौअर यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत अडवून धरली. मित्रराष्ट्रालाच असे कोंडीत पकडणे विरळाच. डिसेंबरअखेर ब्रिटिश-फ्रेंच सैन्य परतले, मार्च १९५७ मध्ये इझ्राएलचेही. कॅनडाच्या लेस्टर पिअर्सन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडीही होती.

मात्र अमेरिकेच्या या भूमिकेमागे निव्वळ शांतताप्रेम नव्हते; अरब देश सोव्हिएट गोटात जाऊ नयेत हाही हेतू होता. याच अमेरिकेने १९५३ मध्ये इराणमधील मोसादेक सरकार उलथवण्यास हात दिला होता. सुएझवरून ब्रिटनला दटावणाऱ्या सोव्हिएट संघाचे रणगाडे ४ नोव्हेंबरला उठाव चिरडण्यासाठी हंगेरीच्या बूडापेस्टमध्ये शिरले, तेव्हा आमसभेच्या निषेधापलीकडे काहीच घडले नाही.